जावाच्या मॉड्यूलमध्ये ग्रूव्ही स्क्रिप्ट चालवायची असेल तर

इंदूरच्या सराफ्यातल्या एखाद्या पेढीचं बिलिंग घ्या. मूळ प्रोग्राम जावात आणि घडणावळीचे नियम ग्रूव्ही (जावासोबतच चालणारी स्क्रिप्टची भाषा) स्क्रिप्टमध्ये. सणासुदीला घडणावळ बदलली की फक्त स्क्रिप्ट बदलायची. ही रचना चांगलीच आहे, मोडू नका. पण जावा ८ वर निमूट चालणारा हा प्रोग्राम मॉड्यूल (आतलं काय बाहेर दिसेल ते स्वतः ठरवणारा पॅकेजांचा गठ्ठा) करून जावा १७ वर नेला की अडतो. ग्रूव्ही कुठली मेथड बोलवायची ते चालतानाच ठरवते, त्यासाठी रिफ्लेक्शनने (चालतानाच क्लासची आतली रचना वाचून) क्लासमध्ये शिरते. जावा ९ (२०१७) पासून त्या वाटेवर मॉड्यूलची दारं आली.

आधी ग्रूव्ही ४ घ्या. २.५ मध्ये एकच पॅकेज अनेक जारमध्ये (क्लास एकत्र बांधलेल्या फाइलींमध्ये) विखुरलेलं आहे आणि मॉड्यूल पाथवर, म्हणजे जावा जिथे मॉड्यूल शोधते तिथे, ते चालत नाही. आवृत्ती ४ मध्ये मेव्हनचा (लायब्ररी आणून देणाऱ्या साधनाचा) ग्रुप 'कोडहाउस'वरून 'अपाची' झाला आहे. एखाद्या जुन्या लायब्ररीमागून जुनी जार आत येते, ती शोधून काढून टाका. एक्सएमएल वाचणाऱ्या एक्सएमएल-स्लर्पर क्लासचं इम्पोर्टही 'ग्रूव्ही.युटिल'ऐवजी 'ग्रूव्ही.एक्सएमएल' करा.

मॉड्यूल-इन्फोमध्ये (मॉड्यूलला काय लागतं, काय बाहेर द्यायचं ते लिहायच्या फाइलीत) 'रिक्वायर्स ऑर्ग.अपाची.ग्रूव्ही' लिहा. जारचं खरं नाव 'जार --डिस्क्राइब-मॉड्यूल'ने पाहून घ्या. सोबत 'जावा.डेस्कटॉप'ही हवं, खिडक्या-बटणं नसली तरी! ग्रूव्ही 'जावा.बीन्स' वापरते आणि ते तिथेच राहतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते पुढचं. चालताना कंपाइल झालेली स्क्रिप्ट ग्रूव्हीच्या मॉड्यूलमध्ये नसते, तुमच्याही नाही. ती ग्रूव्ही-क्लासलोडरच्या बिननावाच्या मॉड्यूलमध्ये पडते. म्हणून 'एक्सपोर्ट्स पेढी.नियम टू ऑर्ग.अपाची.ग्रूव्ही' एवढं लिहून भागत नाही, इलिगल-ॲक्सेस-एरर येतेच. बिननावाच्या मॉड्यूलचं नाव तिथे लिहिताही येत नाही. तेव्हा दागिना, वजन, दर असे स्क्रिप्टला लागणारेच क्लास एका छोट्या पॅकेजात ठेवा आणि ते सर्वांसाठी एक्सपोर्ट करा. खाजगी फील्डना हात लावायची ग्रूव्हीतली सवय सोडा, गेटर द्या. 'ओपन्स' (रिफ्लेक्शनला पॅकेजचा खाजगी भागही उघडणारं) अगदीच इलाज नसेल तेव्हा.

जेडीकेच्या (जावाच्या स्वतःच्या संचाच्या) आतलं काही लागलं तर 'इनॲक्सेसिबल-ऑब्जेक्ट-एक्सेप्शन' येतं. ग्रूव्ही क्लासपाथवर (मॉड्यूलांआधीच्या जुन्या वाटेवर) असेल तर जावा १५ पर्यंत नुसता इशारा मिळायचा, १६ पासून ते थेट थांबवतं. त्या एररचा शेवट नीट वाचा: दार कोणासाठी बंद आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ग्रूव्ही मॉड्यूल पाथवर असेल तर '--ॲड-ओपन्स जावा.बेस/जावा.लँग=ऑर्ग.अपाची.ग्रूव्ही' लागतं. कुठून तरी उचललेलं '=ऑल-अननेम्ड' (सगळी बिननावाची मॉड्यूलं) तिथे काहीच करत नाही.

स्क्रिप्ट डेटाबेसला हात लावत असेल तर 'जावा.एसक्यूएल' स्वतः रिक्वायर करा. स्क्रिप्टच्या गरजा जावाला सुरुवातीला दिसत नाहीत.

जेलिंकला (प्रोग्रामपुरती छोटी जावा बांधणाऱ्या साधनाला) ऑटोमॅटिक मॉड्यूल, म्हणजे मॉड्यूल-इन्फो नसलेली जार, चालत नाही आणि ग्रूव्ही तशीच आहे. म्हणून जेलिंकने फक्त जेडीकेची मॉड्यूलं बांधा, ग्रूव्हीच्या जार शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून मॉड्यूल पाथने जोडा.