वाळवंटी दऱ्यांत फोर बाय फोर घेऊन जाताय? सह्याद्रीच्या सवयींतून होणाऱ्या या चुका टाळा

ठाण्याच्या ट्रेकर मंडळींत हल्ली एक बेत वारंवार कानावर येतो. कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी अमेरिकेत असते, तिकडे जाणं होतंच. मग चार-पाच जण मिळून युटा राज्यातल्या लाल दगडांच्या दऱ्यांत जीप घेऊन चार दिवस तंबूत राहायचं ठरवतात. आम्ही पाचपाखाडीतले पाच जण असेच गेलो. हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, सांधण दरी हे सगळं आमच्या पायाखालचं. आणि आमची जवळजवळ प्रत्येक चूक त्याच अनुभवाच्या भरवशावर झाली. नवख्या माणसाला निदान धास्ती असते, आपल्याला सवय असते. सह्याद्रीत गडावर टाकं असतं, पायथ्याला गाव असतं, वाट चुकली तर गुरं घेऊन निघालेला एखादा बाबा भेटतो. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या मेझ भागात यातलं काहीच नाही.

पाण्याचा हिशेब बाटल्यांत करणं

रतनगडाला जाताना आपण दोन लिटर पाणी घेतो आणि ते पुरतं. तिथे माणशी दिवसाला निदान 4 लिटर लागतं, तेही नुसतं पिण्यासाठी. पाच माणसं, चार दिवस, म्हणजे 80 लिटर. त्यावर स्वयंपाक, हात धुणं आणि गाडी अडकून पडली तर लागणारा एका दिवसाचा जादा साठा. मेझच्या तोंडावर हॅन्स फ्लॅट नावाची रेंजर चौकी आहे. तिथे पाणी, पेट्रोल, खाणं यांतलं काहीही मिळत नाही. सगळं ग्रीन रिव्हर किंवा हँक्सव्हिल या गावांतूनच भरून निघावं लागतं. आणि ते एका मोठ्या पिंपात भरू नका. खडबडीत वाटेवर एक झाकण सैल झालं तर सगळं पाणी डिकीत. दहा-दहा लिटरचे सुटे कॅन घ्या.

यापेक्षा मोठी चूक घामाबाबत होते. ठाण्यात मे महिन्यात स्टेशनपर्यंत चालत गेलं तरी शर्ट पाठीला चिकटतो, त्यावरून अंगातलं पाणी किती गेलं ते कळतं. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडून जातो. मेझच्या वाटेवरच्या हॉर्सशू दरीतून परत येताना आमच्या एका मित्राचं डोकं दुखायला लागलं, पावलं जड झाली. त्याचा निळा टी-शर्ट पूर्ण सुका होता. जवळून पाहिलं तर काखेपासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकाखाली एक. त्याने पाणी पुष्कळ प्यायलं होतं, पण सकाळपासून पोटात खारट असं काही गेलंच नव्हतं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी कमी होतं. त्याला कातळाच्या सावलीत बसवलं, ओआरएस घोटाघोटाने दिलं, सोबत शेंगदाणे आणि चिवडा. रुमाल ओला करून मानेवर ठेवला. तासाभराने तो उठला. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, तर मात्र तासभर वाट बघायची नाही. तो उष्माघात समजायचा, मिळेल त्या पाण्याने अंग गार करायचं आणि लगेच मदत मागायची.

चिवडा, शेव, लिंबाचं सुकं लोणचं ही आपली शिदोरी तिथे औषधासारखी उपयोगी पडते, हे मनापासून सांगतो. दर तासाला काहीतरी खारट खायचं, भूक असो वा नसो.

आधी उतार, मग चढ हे विसरणं

गड आधी चढायचा असतो. दमलो तर अर्ध्यातून मागे फिरता येतं आणि परतीची वाट उताराची असते. दरीत सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात ताजे पाय तुम्हाला अलगद खाली नेतात, आणि खरा चढ उरतो तो दुपारी, पाणी संपत आल्यावर. हॉर्सशूची वाट जाऊन-येऊन साधारण 11 किलोमीटर, उतार 750 फुटांचा. आपल्या हिशेबाने काहीच नाही. पण तळाशी वाळू आहे, प्रत्येक पाऊल अर्धं मागे सरकतं, आणि शेवटच्या चढावर सावलीचा पत्ता नसतो.

त्यामुळे परत फिरायची वेळ पायांवरून नाही, पाण्यावरून ठरवा. एक तृतीयांश पाणी संपलं की मागे वळायचं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा. आणि गुळगुळीत वाळूच्या दगडावर जिथून वर चढता येईल याची खात्री नाही, तिथून खाली उडी मारायची नाही. आपल्या बेसाल्टला पायऱ्या असतात, खोबण्या असतात. हा दगड हाताला खरखरीत लागला तरी धरायला काही देत नाही.

तयारी करायची तर मामा-भाचे डोंगरावर किंवा खारघरच्या टेकडीवर पाठीला आठ लिटर पाणी बांधून चढा. नुसता वेग वाढवून उपयोग नाही.

निळं आकाश बघून निर्धास्त होणं

ही चूक जिवावर बेतते. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक पुरात वाहून गेले. ते उभे होते तिथे पाऊस जवळपास नव्हताच, ढग फुटला होता कित्येक मैल दूर. सप्टेंबर 2015 मध्ये झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा असाच अंत झाला. नवी मुंबईकरांना हे वेगळं समजावायला नको. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी असते ती याचसाठी: खाली उभं राहून वरच्या डोंगराचा पाऊस दिसत नाही. तिथे फरक एवढाच की जमीन पाणी पीत नाही. कातळ आणि भाजलेली माती, पडेल तो थेंब थेट दरीत.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्यांचाही एक मॉन्सून असतो, दुपारचे गडगडाटी ढग घेऊन येणारा. त्या काळात अरुंद घळींत उतरूच नका. एरवीही निघायच्या सकाळी रेंजर चौकीत हवामान विचारा, आणि फक्त त्या जागेचं नाही, वरच्या सगळ्या पाणलोटाचं. घळीत शिरल्यावर भिंतींकडे बघा. डोक्यापेक्षा उंच कपारीत ओंडके अडकलेले दिसले, काडीकचऱ्याची रेघ दिसली, तर पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं आहे. तंबूसाठी कोरड्या ओढ्याची सपाट मऊ वाळू फार मोहात पाडते. तिथे तंबू लावायचा नाही.

पावसाचा दुसरा फटका रस्त्याला. मेझकडे उतरणारा फ्लिंट ट्रेल मातीच्या वळणांचा आहे. भिजला की ती माती साबणासारखी होते, फोर व्हील ड्राइव्हही घसरते. वाळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून जादा दिवसाचं अन्नपाणी हवंच.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

मुख्य रस्ता सोडून हॅन्स फ्लॅटपर्यंत 74 किलोमीटर कच्चा रस्ता. तिथून मेझच्या दऱ्यांपर्यंत आणखी तीन ते सहा तास. फोनवरचा नकाशा हे तास निम्म्याने कमी दाखवू शकतो, आणि रेंज नसल्यावर तोही दिसत नाही. कागदी नकाशा घ्या. लो गिअरमध्ये गाडी पेट्रोल भरपूर पिते, त्यामुळे नेहमीच्या ॲव्हरेजवर विसंबू नका. कॅन्यनलँड्समधल्याच व्हाइट रिम या कच्च्या वाटेचा 160 किलोमीटरचा फेरा गाडीने दोन ते तीन दिवसांचा आहे, त्याला परमिट लागतं, आणि वसंत ऋतूतल्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. आधी विमानाचं तिकीट आणि मग परमिट, हा क्रम उलटा करा.

गाडीबाबतच्या चुका

विमानतळावर मिळणारी ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही या वाटांसाठी नाही. जमिनीपासून उंची हवी, लो रेंज गिअर हवा. शिवाय बहुतेक भाडेकरारांत कच्च्या वाटेवर गाडी नेण्यास मनाई असते. अडकलात तर विमा हात वर करतो आणि ओढून आणायचा खर्च हजारो डॉलरवर जातो. युटातल्या मोआब गावात याच कामासाठी जीप भाड्याने मिळतात. त्यांच्याही करारात कोणत्या वाटा बंद आहेत ते वाचून सही करा.

वाळूत टायरमधली हवा कमी करायची, हे माहीत असूनही करायचा कंटाळा केला जातो. एरवी 35 पीएसआय असेल तर 18 ते 20 वर आणा, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. नंतर भरायला कॉम्प्रेसर लागतो; तिथे कोपऱ्यावर पंक्चरवाला नाही. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. आणखी रेटलं तर गाडी पोटावर बसते. चाकांपुढची वाळू हाताने उकरा, हवा आणखी थोडी सोडा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर पट्टा टो बॉलला, म्हणजे मागच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. तो गोळा ताणाखाली तुटून गोळीसारखा सुटतो, माणसं दगावली आहेत. चासीला जोडलेल्या हुकालाच पट्टा लावा.

आमचा टायर फाटला तो वेगळ्याच कारणाने. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, आणि आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेल्या माणसाला पुढचं उजवं चाक कुठे आहे याचा अंदाजच राहत नाही. एक जण उतरून समोरून सांगत होता, ‘‘डावीकडे घे, डावीकडे!’’ त्याची डावी ती चालवणाऱ्याची उजवी. कातळाच्या धारेने टायरची बाजू चिरली. स्टेपनी लावायला घेतली तर जॅक वाळूत रुतत गेला, गाडी वर येईना. खाण्याच्या खोक्याची फळी खाली सरकवली तेव्हा काम झालं. त्यामुळे शब्द बंद, फक्त हाताच्या खुणा, आणि खुणा करणारा एकच माणूस. जाड फळीचा एक तुकडा सोबत. आणि निघण्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चाक बदलून पाहावं.

पायाखाली न बघणं

वाटेच्या कडेला काळसर, खडबडीत, जळक्या पापुद्र्यासारखी माती दिसते. ती जिवंत आहे: सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी वाळूचे कण बांधून धरलेले असतात. एका पावलाने मोडलेली ती भरून यायला दशकं लागतात. कातळावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून चाला. मेझमध्ये गाडीने मुक्काम करणाऱ्यांनी शौचाची सोय सोबत नेऊन सगळं परत आणायचं असतं. हॉर्सशूमधली माणसाच्या उंचीची प्राचीन चित्रं बघताना हात मागे बांधा. बोटांचा तेलकटपणाही त्यांना घातक आहे.

घरी नुसतं ‘पोचलो की फोन करतो’ सांगणं

26 एप्रिल 2003 रोजी ॲरन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक हॉर्सशूच्या शेजारच्या ब्लूजॉन दरीत एकटा उतरला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर आला.

तेव्हा कागदावर लिहून द्या: वाटांची नावं, मुक्कामाच्या जागा, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ. ही प्रत अमेरिकेतल्याच नातेवाइकाकडे ठेवा, कारण उन्हाळ्यात युटा आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. ठाण्यात आई काळजीने जागी राहील, पण तिथल्या शेरीफला फोन लावणं तिला जमणार नाही. ‘रविवारी रात्री आठपर्यंत आमचा निरोप आला नाही, तर या नंबरवर कळवा’ असं स्पष्ट लिहा.

सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं उपकरण, नक्की घ्या, मात्र तिथे भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. परवानगीशिवाय असं उपकरण भारतात आणणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर ते सापडल्याने लोकांना अटक झालेली आहे. परतीच्या बॅगा भरताना तंबूच्या पिशवीचे कप्पेही एकदा तपासा.