जुन्या घरी जायचंय? आधी नकाशा काढा

ठाण्यातल्या नौपाड्यातली बैठी चाळ, चरईतला वाडा, खारकर आळीतलं कौलारू घर. यातलं बरंचसं टॉवरखाली गेलं, आणि जे उभं आहे तिथे बहुतेक वेळा दुसरं कुटुंब नांदतंय. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी तिथे एकदा जाऊन यायचं असेल, तर "सहज डोकावून येऊ" म्हणून निघू नका. दहा मिनिटं दारात उभं राहायचं, "एवढंसंच होतं का आपलं घर!" म्हणायचं आणि परतायचं, एवढंच होतं.

आठवडाभर आधी

प्रत्येक भावंडाने एकट्याने बसून, दुसऱ्याला न विचारता, घराचा आराखडा काढावा. ए-४ कागद, पेन्सिल, वीस मिनिटं पुरे. दारं, खिडक्या, मोरी, पोटमाळा, देवाची फळी. आणि मुख्य म्हणजे कोण कुठे बसायचं ते. आजोबांची खुर्ची, आजीचा पाट, आत्याचं शिवणाचं मशीन. एकत्र बसून काढलात तर थोरला म्हणेल तेच सगळ्यांना आठवू लागतं, आणि धाकट्याला खरंच दिसत असलेला कोपरा कायमचा जातो.

मग कागद शेजारी-शेजारी मांडा. एकाने मशीन खिडकीपाशी दाखवलं, दुसऱ्याने दाराआड, तर वाद घालू नका, दोन्हीकडे लाल खूण करा. पावसाळ्यात खिडकी गळते म्हणून मशीन हलवत असतील. अशा लाल खुणा हेच तिथे जाऊन बघायचं काम.

पत्ताच धड आठवत नसेल तर जुनं रेशनकार्ड, विजेचं बिल, मृत्यूचा दाखला यांवर तो सापडतो. घरक्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून खूण विचारताना विहीर, पिंपळ किंवा देऊळ सांगा. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं वर्षावार मागे नेऊन बघता येतात. टॉवर येण्याआधीची कौलं त्यात कधीकधी सापडतात.

नवी मुंबईत प्रकार वेगळा. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० सालची, त्यामुळे वाशीतलं घर सेक्टर आणि इमारतीच्या टाइपवरून लगेच मिळतं. घणसोली, कोपरखैरणे, बेलापूरच्या गावठाणांत मात्र नंबर विचारत फिरू नका, घराण्याचं नाव सांगा. विमानतळात गेलेल्या गावांत घर उरलेलंच नाही. तिथल्यांनी ग्रामदैवत जिथे हलवलं असेल तिथे जमणं बरं.

कधी जायचं, कसं विचारायचं

पितृपक्ष सगळ्यांच्या मनात पहिला येतो. पण दुसऱ्याच्या घरात, आपल्या गेलेल्या माणसांसाठी, नेमक्या त्या पंधरवड्यात जाणं अनेकांना रुचत नाही, आणि ते तोंडावर बोलत नाहीत, नुसती टाळाटाळ करतात. श्राद्ध आपल्या घरी, त्या माणसाच्या तिथीला करा. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. जुन्या घरी जायला वाढदिवसाची तारीख किंवा दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडा. वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी ठाणे स्टेशनची गर्दी. राम मारुती रोड, गोखले रोडला गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका, रिक्षाने जा.

आधी सोसायटीच्या सेक्रेटरीमार्फत किंवा ओळखीच्या शेजाऱ्याकरवी निरोप पाठवा. मजकूर असा चालेल:

"नमस्कार. आम्ही पूर्वी तुमच्या आत्ताच्या घरात भाड्याने राहत होतो. आई-वडील आता नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी आम्ही तिघं भावंडं अर्धा तास येऊन घर बघून जावं असं वाटतं. घराच्या हक्काशी याचा काहीही संबंध नाही. सोयीचा वार आणि वेळ कळवा. नको वाटलं तरी मोकळेपणाने सांगा."

हक्काचं वाक्य गाळू नका. पागडी, भाडेकरू, पुनर्विकास यांनी ठाण्यातली माणसं पोळलेली आहेत. जुना मालक किंवा भाडेकरू दारात दिसला की पहिली शंका तीच. म्हणूनच जाताना घराची कागदपत्रं नेऊ नका, भाव विचारू नका, आणि मेजरिंग टेप खिशातून काढू नका. खोलीचं माप हवंच असेल तर एक फरशी पावलाने मापा आणि बाकीच्या मनातल्या मनात मोजा.

तिघांपेक्षा जास्त जण नकोत. हातात फळं असावीत. हार घातलेला फोटो, उदबत्ती, नारळ घरीच ठेवा. दिवा लावावासा वाटला तरी तो आपल्या घरी लावा.

आत गेल्यावर

घर लहान वाटतं कारण ते आपण सहा-सात वर्षांच्या उंचीवरून पाहिलेलं असतं. यजमानांना विचारून जमिनीवर मांडी घालून बसा. डोळे पुन्हा त्या उंचीच्या जवळ येतात, आणि खिडकीतून काय दिसायचं, स्वयंपाकघरातलं माणूस कुठपर्यंत दिसायचं, हे कळतं. लाल खुणा इथे तपासा. बाकी भिंतींचा रंग, नवा ओटा, फॉल्स सीलिंग यांवर मतं देऊ नका.

जुन्या फोटोची जागा शोधायची असेल तर मूळ फोटो नेऊ नका, छापलेली प्रत न्या. फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा. समजा गॅलरीच्या खांबामागे समोरची खिडकी अर्धी झाकलेली आहे. तुम्ही उजवीकडे सरकलात की खांब खिडकीवरून डावीकडे सरकतो. तेवढीच झाकली जाईपर्यंत सरका. फोटो काढणारं माणूस त्याच रेषेवर उभं होतं. मग पुढे-मागे होऊन खांबाची जाडी जुळवा. बॉक्स कॅमेरा पोटाशी धरत, तेव्हा फोनही तेवढाच खाली धरा. डोळ्याच्या उंचीवरून काढाल तर काही केल्या जुळणार नाही.

अर्ध्या तासाने उठा. चहाचा आग्रह झाला तर घ्या. आठवलेलं सगळं त्याच दिवशी आराखड्यावर वेगळ्या रंगाने लिहा. तलावपाळीवर बसून लिहिलंत तरी चालेल, पण आठवणी बोलून ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर तिथे नको, हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. ते घरी, पंखा बंद करून.

घर पडणार असेल तर

इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर आत पाऊल ठेवू नका, बाहेरूनच बघा. पाडकामातलं काही हवं असेल तर मजुरांना नाही, पाडकामाच्या ठेकेदाराला आधी विचारा. सागवानी चौकट तो विकणार असतो, फुकट देणार नाही. शहाबादी फरशीचा मोह होतो, पण दोन बाय दोन फुटांची, इंचभर जाडीची एक फरशी जवळपास २५ किलोची असते, आणि उचलताना कोपरे उडतात.

कौल मागा. मंगलोरी कौल एका हाताने उचलतं आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळुरात काढला. पुढच्या कारखान्यांनीही कौलावर आपापली नावं उठवली. शक्यतो स्वयंपाकघरावरचं घ्या. उलटं करून पाहिलंत तर त्या अक्षरांच्या खाचांत चुलीची काजळी बसलेली असते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, पाणी लावू नका, काजळी जाईल.