बेकऱ्यांचे जुने बेसबॉल बिल्ले जमवताना या चुका टाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेकऱ्या आपल्या पावाचा खप वाढावा म्हणून स्थानिक बेसबॉल संघातील खेळाडूंचे गोल बिल्ले काढत असत. डेट्रॉइटमध्ये मॉर्टन या पावाच्या नावाने १९०९-१० च्या सुमारास टायगर्स संघाचे बिल्ले निघाले, तर ओहायो राज्यातील टोलेडो येथे मिसेस शेरलॉक्स ब्रेडने १९२० च्या दशकात तिथल्या मड हेन्स संघाचे बिल्ले काढले. नव्या संग्राहकाच्या हातून या बिल्ल्यांचे जे नुकसान होते, त्यातले बहुतेक एकाच गैरसमजातून होते. तो बिल्ल्याला धातूची वस्तू समजतो, आणि प्रत्यक्षात ज्याला मोल आहे तो आतला कागद असतो.

बिल्ल्याची रचना एकदा नीट समजून घ्यावी. खाली पातळ पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा, या तिघांच्या कडा मागे वळवून आत दाबणारी धातूची कडी, आणि त्या कडीत अडकवलेली तारेची टाचणी, एवढाच सगळा संसार असतो. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने या पद्धतीचे पेटंट १८९६ मध्ये घेतले, आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत असे बिल्ले देशभर पोहोचले. कडी आणि पत्रा यांच्यामधली फट कधीच पूर्ण बंद नसते, ही गोष्ट पुढे सतत लक्षात ठेवावी लागते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओल्या फडक्याने पुसणे. माझ्याकडे टोलेडोचा एक बिल्ला होता. चेहरा स्वच्छ, फक्त कडेला काळपट मळ. मी कापूस किंचित ओला करून तो मळ काढला आणि समाधानाने बिल्ला ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी खेळाडूच्या टोपीच्या बाजूने, घड्याळातल्या दोनच्या जागेपासून आत येणारा चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा दिसला, आणि आठवड्याभरात तो कपाळापर्यंत उतरला. कडीच्या फटीतून पाण्याचा अंश आत ओढला गेला होता, आणि पत्र्याचा गंज कागदात मुरला होता. असा डाग परत जात नाही. म्हणून धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी आणि बाकीचा मळ तसाच राहू द्यावा. नेलपॉलिश काढण्याचा द्रव तर जवळही आणू नये, कारण त्यातले ॲसिटोन सेल्युलॉइड विरघळवते. मागच्या तारेवरचा गंज पॉलिश कागदाने घासण्याचा मोहही आवरावा; त्याची भुकटी आत जाते आणि तार मोडते ती वेगळीच.

बिल्ला चुकून भिजलाच, तर हेअर ड्रायर लावू नये. उष्णतेने पापुद्रा आक्रसतो, तडकतो, आणि सेल्युलॉइड अत्यंत ज्वलनशील आहे हेही विसरता येत नाही. वरचे पाणी टिपून घ्यावे, बिल्ला टीपकागदावर पाठ वर करून पंख्याच्या साध्या वाऱ्यात एक-दोन दिवस ठेवावा, आणि नंतर रोज बघावे. याच कारणाने, अस्सल सेल्युलॉइड ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा जो सल्ला काही विक्रेते देतात, तो मानू नये. पाठीकडची वळलेली कड अंगठ्याने जोरात घासली तर पुष्कळदा देवघरातल्या कापरासारखा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. मात्र वास आला नाही म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही.

साठवणुकीत दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटात ठेवणे; ते प्लास्टिक जुने होताना चिकट आणि आम्लयुक्त द्रव्ये सोडते. दुसरी म्हणजे हवाबंद डब्यात कोंडणे, कारण सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ तिथेच अडकते आणि शेजारच्या बिल्ल्यांचा पत्राही खाते. आम्लमुक्त कागदाच्या खणांत, एकमेकांना न टेकता, उन्हापासून दूर ठेवलेले बिल्ले टिकतात. अमेरिकेतून आणलेला संग्रह मुंबईत किंवा कोकणात ठेवणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर विशेष जपावे. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळेवर बदलाव्यात.

काही बिल्ल्यांच्या पाठीच्या पोकळीत, तारेखाली, आणखी एक छापील कागद बसवलेला असतो; खरेदीच्या वेळी हा पाठीवरचा कागद फार लोकांना फसवतो. त्यावर १८९६ ही पेटंटची तारीख छापलेली दिसली की बिल्ला १८९६ चा, असे अनुमान काढले जाते. पण तीच तारीख पुढे कित्येक वर्षे छापली जात होती. बिल्ल्याचा काळ खेळाडू आणि पाव यांवरून ठरवावा: डेट्रॉइटने १९०७, १९०८ आणि १९०९ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन लीग या बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते, त्यामुळे मॉर्टनच्या एका मालिकेत पावाचे नाव ‘पेनंट विनर’, म्हणजे विजेतेपद मिळवणारा, का आहे ते लगेच उलगडते. पाठीवरचा कागद हरवलेला असला तर किंमत कमी होते, अस्सलपणा नाही. उलट गंजलेल्या तारेखाली कोराकरकरीत कागद दिसला तर सावध व्हावे. तार जिथे वर्षानुवर्षे टेकली, तिथे तिची तपकिरी रेघ उमटायला हवी.

नकली बिल्ले ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. कृष्णधवल छायाचित्रात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले दिसले, तर तो घरगुती प्रिंटरचा कागद आहे. विक्रेत्याकडून बिल्ल्याचा व्यास मोजपट्टी शेजारी ठेवून मागावा. टोलेडोचे काही बिल्ले ⅞ इंचाचे, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर आहेत. आधुनिक यंत्रावर केलेली नक्कल पुष्कळदा याहून मोठी निघते.

शेवटची चूक मला सर्वांत जास्त खटकते. डेट्रॉइटचा गाजलेला खेळाडू टाय कॉब याचा बिल्ला सगळ्यांना हवा असतो, पण टोलेडोच्या पेटीतले अनोळखी आडनाव कोणी उचलत नाही. मड हेन्स हा दुय्यम लीगचा संघ, म्हणून तिथल्या कित्येकांची छायाचित्रे फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. अशा बिल्ल्यावरचे आडनाव त्या वर्षीच्या संघाच्या यादीशी ताडून पाहावे, जुळलेले पूर्ण नाव, वर्ष आणि खरेदीचे ठिकाण वेगळ्या कार्डावर पेन्सिलीने लिहावे, आणि ते कार्ड बिल्ल्याच्या खणातच ठेवावे.