आजारपणाने अर्ध्यावर मोडलेल्या सहलीची आठवण कशी जपावी

आमची समुद्रकाठची सहल आठ दिवसांची ठरली होती. तिसऱ्या रात्री आईला हुडहुडी भरून ताप आला, चौथ्या दिवशी सकाळी धाप लागायला लागली आणि पुढचे नऊ दिवस आम्ही एका अनोळखी गावातल्या रुग्णालयात काढले. न्यूमोनिया होता. आई बरी झाली, आम्ही घरी आलो. बॅग रिकामी करताना तळाशी चार गोष्टी निघाल्या: बेटावर जाण्यासाठी काढलेली, न वापरलेली बोटीची दोन तिकिटं, आईच्या मनगटावरची रुग्णालयाची पट्टी, पहिल्या संध्याकाळी तिने उचललेला एक शिंपला आणि चार घड्या घातलेला एक कागद. कागदाच्या एका बाजूला मी छापून घेतलेला आठ दिवसांचा कार्यक्रम. मागच्या बाजूला आईचा ताप, दर चार तासांनी, माझ्या अक्षरात. त्या रात्री हाताशी दुसरा कागदच नव्हता.

यातलं एक तिकीट मी माझ्या घाईने कायमचं घालवलं. बाकीचं सगळं आज सहा वर्षांनीही नीट आहे. दोन्हींमधून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी काही टाकू नका, काही निवडूही नका

घरी परतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे निवाडा करण्याचे नसतात. एक तर आजारपणाशी जोडलेलं सगळं डोळ्यांपुढून नाहीसं व्हावंसं वाटतं, नाहीतर गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा सोडवत नाहीत. सगळं एका मोठ्या कागदी पाकिटात घाला, वर तारीख लिहा, पाकीट कोरड्या जागी ठेवा.

तीन गोष्टी मात्र या पाकिटात जाऊ देऊ नका. उरलेली औषधं आणि सुया आठवण म्हणून ठेवायच्या नाहीत. औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात विचारून त्यांची योग्य विल्हेवाट लावा. रक्त, उलटी किंवा थुंकी लागलेला कागद-कपडा ठेवायचा नाही, फार जवळचा असेल तर फोटो काढून निरोप द्या. धुता येण्याजोगं कापड असेल तर त्याला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुऊन, उन्हात पूर्ण वाळवूनच आत ठेवा. आणि डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे अहवाल, बिलं यांची जागा आठवणींच्या डब्यात नाही. विम्याच्या दाव्याला मूळ प्रती लागू शकतात आणि पुढच्या आजारपणात डॉक्टर जुने अहवाल मागतात. ती फाइल वेगळी. त्यातलं एखादं पान मनाला भिडत असेल तर त्याची झेरॉक्स डब्यात ठेवा.

जो आजारी होता त्याला विचारा

हे मी उशिरा केलं. माझ्या डोक्यात आठवण म्हणजे बोटीची तिकिटं. ज्या बेटावर आम्ही कधी पोचलोच नाही, त्याची तिकिटं. आईला दाखवली तर तिने नुसती बाजूला सरकवली. तिला ती तिकिटं माझी वाटत होती, कारण बेट पाहायची हौस माझी होती. मनगटाची पट्टी तर तिला नजरेसमोरही नको होती. तिने हात घातला तो तापाच्या कागदाला. बराच वेळ वाचत राहिली. "पहाटे तीनला १०३? मला तर ही रात्रच आठवत नाही," म्हणाली.

जोरदार तापात, ऑक्सिजन कमी पडल्यावर, झोपेच्या औषधांखाली माणसाच्या आठवणीत मोठी भोकं पडतात. सोबत बसलेल्याला सगळं आठवतं, अंथरुणातल्याला तुकडे. अतिदक्षता विभागांत याचसाठी रोजनिशी ठेवायची पद्धत आहे. स्कँडिनेव्हियन देशांत १९८० च्या दशकापासून परिचारिका आणि नातेवाईक रुग्णासाठी रोजची चार वाक्यं लिहून ठेवू लागले. आज कोण आलं, खिडकीबाहेर काय होतं, तू काय बोललीस. बरं झाल्यावर रुग्ण ती वाचतो आणि हरवलेले दिवस त्याला परत जोडता येतात. आमचा तापाचा कागद नकळत तेच काम करत होता.

म्हणून निवडताना एकच प्रश्न विचारा: या वस्तूत काय घडलं ते दिसतं की काय घडायचं राहिलं ते? दोन्ही ठेवायला हरकत नाही. पण नुसतं राहून गेलेलं ठेवलं तर डबा उघडताना दर वेळी चुकल्याचीच भावना वर येते. माझ्या तिकिटांचं तसं झालं होतं. आमचा कागद मला म्हणूनच इतका मोलाचा वाटतो. पुढून ठरवलेली सहल, पाठीमागे झालेली.

दोघांचं मत जुळलं नाही तर दोन पाकिटं करा. पट्टी माझ्या कपाटात आहे, आईच्या नाही.

कशालाही हात लावण्याआधी प्रत काढा

वस्तू साफ करण्याआधी, सपाट करण्याआधी, काहीही करण्याआधी तिची प्रत. कागद असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन, दोन्ही बाजूंनी, रंगीत. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून फोटो. फ्लॅश नको. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यांतली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडाकडे.

आवाजही यातच येतो. आईने वॉर्डातून पाठवलेला अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, दम लागत लागत "मी ठीक आहे, तू झोप जरा" म्हणणारा, मी चॅटमधून बाहेर काढून वेगळा साठवला. फोन बदलताना चॅट बऱ्याचदा हरवतात. फाइलच्या नावात तारीख आणि कोण बोलतंय ते लिहा.

तिकिटं: इथे मी चुकले

एक तिकीट टिकाऊ व्हावं म्हणून मी लॅमिनेट करायला दिलं. यंत्रातून बाहेर आलं ते काळं. अक्षर न् अक्षर गेलं. समोरच्या माणसाचा दोष नव्हता, विचारायला हवं होतं ते मी.

आजची बरीच तिकिटं, पावत्या, रुग्णालयाच्या पट्ट्यासुद्धा, थर्मल कागदावर छापलेल्या असतात. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपात एक रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं एक रसायन असतं. छपाईयंत्राचं तापलेलं टोक लागलं की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि ती जागा काळी होते. लॅमिनेशनचे रोलर शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असतात, म्हणजे सगळा कागदच एकदम छापला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर नखाने जोरात रेघ ओढा. काळपट रेघ उठली तर तो थर्मल कागद.

अशा कागदाला उष्णता, ऊन आणि सॅनिटायझर लावलेले हात तिन्ही बाधतात. पीव्हीसीचं पाकीटही बाधतं, कारण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं त्यातून बाहेर येतात आणि अक्षरं उडवतात. नवं पाकीट उघडल्यावर उग्र वास आला तर ते बहुधा पीव्हीसीच. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. चिकटपट्टीही नको. आणि एवढं करूनही थर्मल छपाई काही वर्षांनी फिकट होऊ शकते, म्हणून स्कॅन हीच खरी प्रत माना. तिकीट आधीच फिकटलं असेल तर स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून पाहा, पुष्कळदा अक्षरं वर येतात. उरलेलं दुसरं तिकीट मी तसंच वाचवलं. मूळ कागदावर आता तारीख जेमतेम दिसते, स्कॅनवर सगळं वाचता येतं.

मनगटाची पट्टी

पट्टी कापताना छापलेल्या भागापासून दूर, बंदापाशी कापा. आतली बाजू जरा ओल्या फडक्याने पुसा, स्पिरिट लावू नका, पूर्ण वाळू द्या. गुंडाळून ठेवली तर त्या वळणातच छपाईला चिरा पडतात, तेव्हा सपाट ठेवा. तिच्यावर नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक असतो. फोटो कुणाला पाठवायचा असेल तर तो भाग झाकून पाठवा.

घड्यांचा कागद

आमच्या कागदावर खूप वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. चार घड्या, एका कोपऱ्यावर पाण्याचा डाग, मधली घडी विरत आलेली.

इस्त्री नाही. कागद हळूच उलगडून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवला आणि वर जाड पुस्तकं, पाच दिवस. घड्यांच्या खुणा राहिल्या. त्या राहू द्याव्यात, तो कागद नऊ दिवस माझ्या खिशात होता हे त्या खुणांनीच कळतं. विरलेल्या घडीला सेलोटेप लावायचा मोह झाला होता. लावू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काढताही येत नाही. फाटत आलेला कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात नुसता सरकवून ठेवला तरी त्याला पुरेसा आधार मिळतो, आणि दोन्ही बाजू वाचता येतात. टाचणी, स्टेपलर, रबरबँड यांपैकी काही नको: लोखंड गंजतं, रबर चिकट होऊन डाग पाडतं.

कार्यक्रमाची बाजू इंकजेटवर छापलेली होती, तापाची बॉलपेनने लिहिलेली. इंकजेटची शाई बऱ्याचदा पाण्याने फुटते, बॉलपेनची उजेडाने उडते. म्हणून मूळ कागद भिंतीवर लावू नका. उजेडाने झालेली झीज साठत जाते, भरून येत नाही. भिंतीवर लावायचंच असेल तर रंगीत प्रत फ्रेम करा. आम्ही दोन्ही बाजूंच्या प्रती एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी लावल्या.

शिंपला

आधी हे पाहा की तो आणायला परवानगी होती का. संरक्षित किनाऱ्यांवरून काहीच उचलू देत नाहीत. प्रवाळ, महाकाय शिंपले, क्वीन काँक हा मोठा शंख यांसारखे जीव साइट्स (CITES) या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, १९७५ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात आणि सहसा परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाहीत. आमचा साधा, रिकामा, नखाएवढा शिंपला होता.

दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने वाळू काढा, सावलीत वाळवा. व्हिनेगर लावू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो. त्याच कारणाने लाकडी डबीही टाळा. कपाटातल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी चढते त्याबद्दल लोफ्टस बाइन यांनी १८९९ मध्ये लिहिलं. 'बाइनचा रोग' हे नाव त्यावरून चिकटलं, पण तो रोग नव्हेच. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिंपल्याला खाते. काचेची बाटली उत्तम.

माणूस परतलं नसेल तर

कुणाच्या सहलीतून सगळे परतत नाहीत. अशा वेळी पहिल्या भागात सांगितलेलं पाकीट तीन आठवड्यांनी नाही, मन म्हणेल तेव्हा उघडा. वर्षानेही चालेल. कपड्याला त्यांचा वास असेल तर धुऊ नका. कपडा पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. वास हवेत उडून जाणाऱ्या कणांचा असतो, दर वेळी उघडताना थोडा कमी होतो, म्हणून क्वचित उघडा. ओलसर राहिला तर बुरशी धरेल. फोनमधला त्यांचा आवाज मात्र आजच साठवा, त्याला थांबू नका.

चिठ्ठी

प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी हवी. वस्तूवर नाही, वेगळ्या आम्लविरहित कागदावर, २बी पेन्सिलीने. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्याने फुटत नाही की उजेडाने उडत नाही. वर्तमानपत्राचा किंवा हलक्या प्रतीचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डागाळतो. काय आहे, कोणाचं, कोणत्या दिवशी, तेव्हा काय चाललं होतं, एवढं लिहा. महिनाभरात लिहा, नंतर तपशील निसटतात. "आईचा ताप" एवढं पुरत नाही. आमच्या चिठ्ठीवर असं आहे: "पाचवी रात्र. आईला सलाइन चालू. बाहेर पाऊस. रात्रपाळीच्या सिस्टरनी थर्मामीटर माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हीच लिहा."

सगळं एका पुठ्ठ्याच्या आम्लविरहित डब्यात, कपाटाच्या मधल्या खणात ठेवलं आहे. माळ्यावर उष्णता असते, न्हाणीघराच्या भिंतीला ओल. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के असली तर कागद सुखात राहतो. दमट हवेत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळोवेळी बदला किंवा पुन्हा सुकवा.

वर्षातून एकदा डबा उघडून बुरशी, कीड, उडालेली अक्षरं तपासायची. मागच्या वेळी आई शेजारी बसली होती. तिने पाचव्या रात्रीच्या नोंदींवर बोट ठेवलं: अकरा वाजता १०२.४, तीन वाजता १०३, आणि सातला एकदम ९९.८. "हे सातचं मला आठवतंय," ती म्हणाली. "तू खुर्चीत झोपली होतीस. सिस्टरनी लिहिलं ते." मी पाहिलं तर खरंच, त्या ९ चा वळसा माझा नाही. सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. पेन्सिल घेऊन चिठ्ठीच्या खाली मी ते लिहिलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि आईने शेजारी सही केली.