मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेतंय? या चुका टाळा

स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ गती) आपोआप चढतो, सिग्नलला इंजिन वरखाली होतं, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. अशी जुनी गाडी समोर आली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. इथेच घोळ सुरू होतो. खरं कारण अनेकदा कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यातलं पॅकिंग असतं. त्यातून शिरणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही, म्हणून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर पातळ होतं. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल येण्याचं छिद्र) खाली घेऊन ते रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, केलं की स्लो तेवढ्यापुरता सुधारतो, गळती मात्र तिथेच राहते.

बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिनात हे फार छान कळतं. आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसी आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी, दोन्ही याच घराण्यातली. सिलिंडर चार, पण हेडला इनलेट पोर्ट दोनच: १ आणि २ चा एक, ३ आणि ४ चा दुसरा. त्यामुळे एका पोर्टाशी पॅकिंग गेलं की दोन शेजारी सिलिंडर एकदम उपाशी राहतात. चारही प्लग काढून क्रमाने मांडा. पुढचे दोन पांढरेफटक आणि मागचे दोन काजळलेले दिसले, तर कोणीतरी आधीच मिक्श्चर रिच करून गळती झाकलेली आहे. (बहुतेक एमजीबींना कार्बोरेटर दोन असतात. तिथे अशी जोडी दिसली तर आधी दोघांचा बॅलन्स बघा.)

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. गळती शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल उडवतात. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल पडलं की भडका उडू शकतो. त्यापेक्षा थंड इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटातच स्प्रेच्या बाटलीने जोडावर साधं पाणी मारा. इंजिनचा सूर क्षणभर बदलला की जागा सापडली. एक्झॉस्ट तापल्यावर पाणीही मारू नका, बीड तडकतं. खालच्या बाजूची गळती पाण्याने नेहमी सापडत नाही; त्यासाठी स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) उत्तम. थ्रॉटल स्पिंडलची (कार्बोरेटरची झडप फिरवणाऱ्या दांड्याची) झीज आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी आधीच तपासा, नाहीतर चांगलं पॅकिंग उगाच उचकटाल.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे थेट आत जातात. जुनं पॅकिंग परत लावणंही तसंच: एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसत नाही. मॅनिफोल्डच्या ॲल्युमिनियमच्या तोंडावर (हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) छिन्नी चालवू नका, एक ओरखडा म्हणजे हवेला नवी वाट. नंतर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) फट बघा. तोंड वाकलेलं असेल तर मशिन शॉपमध्ये फेस (घासून सपाट) करून घ्या. जाड पॅकिंगने भागत नाही.

एमजीबीवर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जाड वॉशर. काही स्टडवर (हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर) एकच वॉशर अर्धा इनलेटच्या कानावर (नट जिथे दाबतो त्या बाहेर आलेल्या भागावर) आणि अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसतो. फेस केल्याने किंवा बाजारातला दुसरा एक्झॉस्ट बसवल्याने दोन्ही कानांची जाडी वेगळी झाली, की वॉशर तिरका होतो. सगळा दाब जाड कानावर जातो, पातळ कान नुसता टेकलेला राहतो. नट घट्ट लागतो, पाना कट्ट वाजतो, आणि गाडी पहिल्याच दिवशी हवा घेते. म्हणून वॉशर लावण्याआधी दोन्ही कानांवर पट्टी ठेवून बघा. फरक असेल तर जाड कान घासून घ्या, किंवा वॉशरला पायरी काढून घ्या.

नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एमजीबीला टॉर्क साधारण १५ फूट-पाउंडच असतो. लांब पाना लावून जोर काढला तर स्टड हेडमधून आट्यांसकट बाहेर येतो. पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी गंजून अडकणार नाहीत.

इंजिन चांगलं तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि नट पुन्हा तपासा. त्यानंतरच जेटला हात लावा, कारण गळती झाकायला रिच केलेलं मिक्श्चर आता खरोखरच रिच झालेलं असतं.