लॅपटॉपसोबत आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवायचं की काढायचं?

नवा लॅपटॉप सुरू केला की कोपऱ्यातून सूचना डोकावू लागतात: नोंदणी करा, वॉरंटी वाढवा, अपडेट घ्या. वैतागून सगळंच उडवावंसं वाटतं. पण त्या गर्दीत एखादं ॲप असं असतं की त्याचं काम विंडोज करत नाही. तेवढं आधी शोधायचं.

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', मग 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. मुदतीचा अँटिव्हायरस, गेम, खरेदीची ॲप्स बेलाशक काढा. अँटिव्हायरस गेला की विंडोजचा डिफेंडर आपोआप सुरू होतो. नावात 'ड्रायव्हर', 'हॉटकी' किंवा 'सिस्टिम कंट्रोल इंटरफेस' असं काही दिसलं तर हात लावू नका. ब्राइटनेसची किंवा माइक बंद करायची बटणं बऱ्याचदा त्यांच्यावरच चालतात. उरतं ते मुख्य ॲप: लेनोव्हो व्हँटेज, मायएसस, डेल सपोर्टअसिस्ट यांसारखं. खरा प्रश्न त्याचाच.

ते एकदा उघडून नीट बघा. माझ्या मते ठेवण्यासारखी मुख्य सोय एकच, चार्जिंगची मर्यादा. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला असेल तर बॅटरी सतत १०० टक्क्यांवर राहते, त्यात उष्णतेची भर पडते आणि लिथियम-आयन बॅटरी लवकर थकते. म्हणून ८० टक्क्यांच्या आसपास थांबवलेलं बरं. ही मर्यादा पाळण्याचं काम प्रत्यक्षात मदरबोर्डवरची एक चिप करते, ॲप तिला फक्त हुकूम देतं. त्यामुळे काही लॅपटॉपमध्ये ॲप काढल्यावरही मर्यादा तशीच राहते, आणि मग 'बॅटरी ८० च्या पुढे जातच नाही, बिघडली वाटतं' अशी धावपळ होते. काढण्याआधी मर्यादा हवी तशी लावा. हीच सोय बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आहे का तेही बघा; असेल तर ॲपची गरज बरीच कमी होते.

दुसऱ्या पारड्यात सुरक्षितता. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच भरलेल्या सुपरफिश या जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामने सुरक्षित वेबसाइटांच्या संपर्कातच हात घातल्याचं उघड झालं. २०१९ मध्ये तर एससच्या अपडेट देणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच हल्लेखोरांनी घातक कोड पसरवल्याचं समोर आलं. अशा प्रोग्रामांना संगणकात मोठे अधिकार असतात, म्हणून वापरात नसलेलं ॲप पडून राहू देऊ नये, आणि ठेवलंच तर ते अपडेट ठेवावं.

अजूनही ठरत नसेल तर काढण्याआधी झोपवून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये ते बंद करा. पार्श्वभूमीतल्या त्याच्या सेवा यामुळे सगळ्या थांबतीलच असं नाही, पण सुरुवातीला एवढं पुरे. आठवडाभर फंक्शन बटणं, कीबोर्डचा दिवा, पंख्याचा आवाज, चार्जिंग यांवर लक्ष ठेवा.

काहीच अडलं नाही? मग रिस्टोअर पॉइंट (गडबड झाली तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल अशी नोंद) बनवा आणि 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधूनच ते अनइन्स्टॉल करा. नुसता फोल्डर डिलीट करू नका. पुढे गरज वाटली तर व्हँटेज आणि मायएसस मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतात. इतरांसाठी कंपनीचं सपोर्ट पान बघा.

ॲप गेल्यावर बायॉसच्या अपडेटची आठवण करून देणारं कोणी नसेल, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्याच सपोर्ट पानावर आपलं मॉडेल टाकून बघा. अपडेट करताना चार्जर लावलेला असू द्या आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, कारण बायॉस बदलला की विंडोज कधीकधी ती मागतं.