गाडीतून आवाज येतोय? या चुका टाळा, नाहीतर चांगले पार्ट बदलून बसाल

माझ्या गाडीला मागे एकदा घुंऽऽ असा आवाज लागला होता, साठच्या स्पीडनंतर सुरू व्हायचा आणि ऐंशीला तर बोलणंपण ऐकू यायचं नाही. मी चार व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं की पुढचं डावं व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) गेलंय. गॅरेजमध्ये जाऊन तसंच सांगितलं, "डावं बेअरिंग बदला". त्यांनी बदललं. आवाज तसाच. मग मीच म्हटलं उजवं असेल, तेपण बदललं, आवाज तसाच. शेवटी दुसऱ्याच कारणाने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले तर आवाजपण मागे गेला की! टायरवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखे दाते लागत होते. दोन चांगली बेअरिंग फुकट काढली. गॅरेजवाल्याला दोष द्यायला जागाच नाही, त्याने मी सांगितलं तेच केलं.

तर पहिली चूक इथेच होते, आपण आवाज कुठून येतो ते शोधत बसतो. गाडी म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, मागच्या चाकाचा आवाज पत्र्यातून फिरून पुढच्या सीटखाली येतो आणि डॅशबोर्डमधली कुरकुर दारातून आल्यासारखी वाटते. गाडीत बसून कानाने जागा ठरवणं जवळजवळ अशक्य आहे. त्यापेक्षा आवाज केव्हा येतो ते बघा. थंड इंजिनला का गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर का सोडल्यावर, वळताना, चढावर, खड्ड्यात, एसी लावल्यावर, फक्त रिव्हर्सला का? एवढी उत्तरं नीट मिळाली की अर्धं काम झालं.

आधी चाक का इंजिन ते ठरवा

हे न करताच लोक थेट पार्टवर उडी मारतात. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस करा. आवाज आला आणि रेसबरोबर वाढला तर इंजिन, बेल्ट, सायलेन्सर या बाजूचं काहीतरी आहे. उभ्या गाडीत काहीच नाही पण चालताना येतो, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, आवाज येतो त्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा. इंजिनचा आरपीएम खाली पडला आणि आवाज मात्र तसाच राहिला तर तो चाकांकडचा, म्हणजे टायर, बेअरिंग, ब्रेक, ॲक्सल. फक्त चावी बंद करू नका हं, काही जण करतात, स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करतो तो) दोन-चार दाबण्यात संपतो आणि काही गाड्यांत स्टेअरिंग लॉकपण होऊ शकतं.

घुंऽऽ आवाज असेल तर पुढची टेस्ट, जी मी तेव्हा केली नाही. चालत्या गाडीत हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे वळवून बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर, आणि उलट असेल तर डाव्यावर. वळवल्याने फरकच पडत नाही पण डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेलं की आवाज बदलतो, असं असेल तर टायरच असण्याची शक्यता जास्त. टायर पुढेमागे करून बघायला नवा पार्ट लागत नाही.

टकटक असेल तर मोजा. खरंच मोजा. साधारण कारच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, ताशी १० किमीला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, म्हणजे चाक दोन सेकंदांत जेमतेम तीन वेळा फिरतं. तुमची टकटकपण तेवढीच असेल आणि स्पीड दुप्पट केल्यावर दुप्पट होत असेल तर चाकात काहीतरी आहे, आणि पहिल्यांदा टायरमध्ये घुसलेला खिळा किंवा खडा बघा, गाडी थोडी थोडी पुढे घेऊन टायर सगळीकडून बघा. याउलट आयडलला, म्हणजे ८०० आरपीएमला, क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मा, साडेसहा-सात वेळा. एका टॅपेटची, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधल्या छोट्या भागाची, टिकटिक त्या निम्म्या वेगाने चालते. कानाने एवढं मोजता येत नाही पण फोनवर रेकॉर्ड करून स्लो केलं की येतं, मला तर हा प्रकार फार आवडतो.

"आवाज बंद झाला, म्हणजे बरं झालं"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बऱ्याच ब्रेक पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅड दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासते आणि कुईंऽऽ असं बारीक किंचाळते. ती मुद्दाम तशी केलेली असते, तुम्हाला त्रास व्हावा म्हणूनच. बऱ्याचदा ती ब्रेक न दाबता चालतानापण वाजते आणि ब्रेक दाबला की गप्प होते, म्हणून लोकांना वाटतं ब्रेकचा काही संबंध नाही. मग म्युझिक मोठं करतात, थोड्या दिवसांनी पट्टी झिजते किंवा तुटते, कुईं बंद, आपण खूश. त्यानंतर येतो तो खर्रर्र आवाज, लोखंडावर लोखंड, आणि तोपर्यंत पॅडबरोबर डिस्कपण गेलेली असते. ब्रेकही नीट लागत नाही हे वेगळंच.

आता याच्या उलटपण होतं. पाऊस झाल्यावर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखर करतात, ते डिस्कवरचं पातळ गंजाचं थर आहे, निघून जातं. आणि अचानक चाकातून भयानक खणखण-खर्रर्र सुरू झालं, कालपर्यंत काहीच नव्हतं, तर बऱ्याचदा डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो, गाडी हळू थोडी मागेपुढे केली की पडतोपण. मात्र नाही पडला तर दाखवा, "पडेल आपोआप" म्हणून पन्नास किलोमीटर जाऊ नका.

प्रत्येक आवाजावर स्प्रे मारणे

दाराच्या बिजागरीला मारा, काही हरकत नाही. पण फॅन बेल्ट सकाळी किंचाळतो म्हणून त्यावर तेलकट स्प्रे मारणं म्हणजे दोन दिवसांची शांतता, नंतर बेल्ट अजून घसरतो आणि रबर खराब होतं ते वेगळं. बेल्टचं निदान करायला साधं पाणी पुरतं. इंजिन चालू असताना लांबून, स्प्रे बॉटलने, हात आत न घालता बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. चिमणीसारखं चिकचिक होत होतं आणि पाण्याने जरा वेळ थांबलं तर पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) सरळ रेषेत नसेल. किंचाळणं वाढलं तर बेल्ट घसरतोय, म्हणजे टेन्शन कमी आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकलाय. नवीन बेल्ट टाकूनसुद्धा आवाज परत येतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, बेल्ट बदलला पण टेन्शनर कोणी बघितलाच नाही. बेल्टवर कुठून कूलंट किंवा ऑइल गळत असेल तर आधी ते थांबवा.

ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा कसलाही स्प्रे मारायचा नाही. आवाज जाईल आणि ब्रेकपण जाईल.

साधी गोष्ट सोडून इंजिन खोलायला निघणे

खालून पत्र्यासारखी झणझण येते, ती पण ठरावीक आरपीएमलाच, रेस जरा वाढवली की गायब. हे ऐकून लोक घाबरतात पण निम्म्या वेळा सायलेन्सरच्या वरची उष्णता अडवणारी पत्र्याची शीट सैल झालेली असते, नट गंजून तुटतो, एक मोठी क्लिप लावली की काम झालं. हे तपासायचं ते गाडी पूर्ण थंड झाल्यावर, सायलेन्सरवर हाताने हलकं ठोकून. तसंच खालचं प्लास्टिकचं कव्हर, डिकीत सैल पडलेला जॅक, स्टेपनीचा ढिला बोल्ट, दाराच्या खिशातली बाटली, मागच्या सीटबेल्टचं बकल खांबावर आपटणं. डिकी, दारं, ग्लव्हबॉक्स पूर्ण रिकामे करून एक चक्कर मारा, हसू नका, ही टेस्ट केल्याशिवाय सस्पेन्शनला हात लावू नका.

आवाज सुरू होण्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं तेही आठवा. टायर काढून बसवले आणि त्यानंतर ठकठक सुरू झाली, स्टेअरिंग थोडं थरथरतंय, तर तिथेच बाजूला थांबा आणि चाकाचे नट बघा. चाक बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर नट परत एकदा योग्य टॉर्कला (ठरवून दिलेल्या घट्टपणाला) तपासायचे असतात, फार कमी लोक करतात.

एवढं सगळं ठीक निघालं तर मग सस्पेन्शन. हळू स्पीडला छोट्या छोट्या खड्ड्यांत खडखड, विशेषतः एका बाजूचं चाक वर जातं तेव्हा, तर स्टॅबिलायझरचे (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांडीचे) लिंक रॉड किंवा रबरी बुश आधी बघायचे, ते स्वस्तातलं काम असतं आणि शॉकअपचा नंबर नंतर. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना वरून कुरकुर किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा टंग आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना कटकटकट येतं ते बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (चाकाला फिरवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्याचं), आणि तिथे चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर रबर बूट फाटलंय हे नक्की. बूट फाटल्याचं लवकर कळलं तर फक्त बूट आणि ग्रीसवर भागतं, कटकट सुरू झाल्यावर सहसा भागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर डी (पुढे) वरून आर (रिव्हर्स) ला टाकताना धप्प होतं आणि आयडलला गाडी थरथरते, इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. क्लच दाबल्यावर घरघर येते तर क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते पण दाबला की जाते, तर गिअरबॉक्सच्या आतलं.

आणि साध्या आवाजांना घाबरणंपण चूकच आहे. गाडी बंद केल्यावर सायलेन्सर टिकटिक करतो, धातू थंड होऊन आकसतो म्हणून. चावी फिरवल्यावर मागून दोन सेकंद गुंऽऽ येतं तो फ्युएल पंप. गाडी बंद करूनही पंखा फिरत राहतो, ठीक आहे. बऱ्याच मॅन्युअल गाड्या रिव्हर्सला जास्त ओरडतात कारण त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात. इलेक्ट्रिक गाडी हळू चालताना एक विचित्र सूर काढते तो पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून मुद्दाम दिलेला असतो, साधारण ताशी २० ते ३० किमीच्या पुढे बंद होतो.

जिथे थांबायचं तिथे न थांबणे

इंजिनच्या खालून जड ठक-ठक-ठक, रेसबरोबर वाढणारी, आणि ऑइलची लाल लाइट, हे दोन्ही एकत्र दिसले की पुढच्या गॅरेजपर्यंतपण चालवायचं नाही. बाजूला घ्या, बंद करा, टो करून न्या. ऑइल टाकून बघू, जरा पुढे जाऊ, या विचारात इंजिन जॅम होतं. वरच्या बाजूची हलकी टिकटिक वेगळी, ती थंड इंजिनला थोडा वेळ येऊन जात असेल तर ऑइलची लेव्हल आणि ऑइल बरोबर ग्रेडचं आहे ना ते आधी बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपला) बारीक गळती असेल तरी थंड असताना टिकटिक येते आणि गरम झाल्यावर धातू पसरून बंद होते, हे टॅपेट समजून बरेच फसतात. पेट्रोल गाडीत चढावर जोर देताना डब्यात गोट्या हलवल्यासारखं खुळखुळतं ते नॉकिंग (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटणं), कमी ऑक्टेनचं पेट्रोल किंवा साचलेला कार्बन वगैरे, तेव्हा तरी खालचा गिअर टाका आणि पाय हलका करा.

शोधण्याच्या नादात हातपण सांभाळा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन बेल्टजवळ नेऊ नका, रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंच नाही, स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा नको. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनच्या न हलणाऱ्या भागावर लावून ऐकायची जुनी युक्ती चालते, फक्त टोक बेल्टपासून लांब ठेवा.

गॅरेजमध्ये गेल्यावर पार्टचं नाव घेऊ नका. "थंड असताना, पहिली पाच मिनिटं, दुसऱ्या गिअरमध्ये चढावर खुळखुळतं" एवढं सांगा. रेकॉर्डिंग शेजारच्याला करायला सांगा, चालवता चालवता स्वतः नको. थंड इंजिनचा आवाज असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथे सोडा, कारण तुम्ही चालवत नेईपर्यंत ती गरम झालेली असते आणि मग मेकॅनिक म्हणतो, साहेब मला तर काहीच ऐकू येत नाही. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी तुम्ही चालवा, तो आवाज कुठल्या वळणावर काढायचा ते तुम्हालाच माहीत असतं.